हर्पिसचा रिपोर्ट एकदा पॉझिटिव्ह, एकदा निगेटिव्ह: मग खरं काय धरायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, हिंजवडीत नोकरी, लग्न ठरलेलं, तारीख मार्गशीर्षातली. गेल्या दीड वर्षात शिश्नाच्या टोकाजवळ, जवळपास एकाच जागी, चार वेळा जखम झाली. पहिल्यांदा फॅमिली डॉक्टरांनी असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाचं मलम दिलं. पुढे एका त्वचारोगतज्ज्ञांनी हर्पिस, म्हणजे विषाणूमुळे पुळ्या-जखमा उठण्याचा आजार, सांगितला, दुसऱ्यांनी हर्पिस वाटत नाही म्हटलं. मग रक्ताच्या चाचण्या झाल्या. एचएसव्ही म्हणजे हर्पिसचा विषाणू, त्याचे टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार; आयजीएम आणि आयजीजी ही त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं. पहिल्या लॅबचा रिपोर्ट: एचएसव्ही १+२ आयजीएम पॉझिटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी १.६, म्हणजे पॉझिटिव्ह. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये आयजीएम निगेटिव्ह, एचएसव्ही-२ आयजीजी ०.८ म्हणजे निगेटिव्ह, आणि एचएसव्ही-१ आयजीजी मात्र चांगलाच पॉझिटिव्ह. तुम्ही विचारताय की यातला कुठला रिपोर्ट खरा, हे कुणाकडून आलं आणि लग्न करावं की नाही.

मी पुण्यात त्वचारोग आणि गुप्तरोगांची प्रॅक्टिस करते. अशा रिपोर्टांची फाईल घेऊन येणारी माणसं नेहमी भेटतात आणि बहुतेकांची अडचण तुमच्यासारखीच असते. दोन रिपोर्टांतला खरा कुठला, हे शोधण्यात सगळा जीव जातो. पण तुम्हाला जे जाणून घ्यायचंय, म्हणजे ही जखम कशाची आहे, ते रक्ताच्या या चाचण्यांना विचारून फारसं कळत नाही. ते जखमेलाच विचारावं लागतं, आणि तेही ती ताजी असताना. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे. जखम न बघता मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीतून बरंच काही वजा करता येतं.

आधी आयजीएम. हा रिपोर्ट बाजूला काढून ठेवा. आयजीएम म्हणजे नवा संसर्ग, हे गणित बऱ्याच आजारांत चालतं, हर्पिसमध्ये चालत नाही. जुना हर्पिस पुन्हा उठला तरी आयजीएम वर येऊ शकतो, दुसऱ्याच एखाद्या विषाणूच्या प्रतिपिंडांमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि तो टाइप १ आणि टाइप २ यांत भरवशाचा फरक करू शकत नाही. तुमच्या रिपोर्टात तर दोन्ही टाइप एकत्रच मोजलेत. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही हर्पिसच्या निदानासाठी आयजीएम करू नये असं स्पष्ट म्हटलंय. तरी आपल्याकडे ही चाचणी सर्रास होते, कारण ती पॅनेलमध्ये, म्हणजे एकत्र करायच्या चाचण्यांच्या संचात, आयती बसलेली असते. गर्भपात झालेल्या बायकांना ‘टॉर्च’ नावाचं पॅनेल करायला सांगतात, त्यात हाच आयजीएम असतो, आणि एका बारीक पॉझिटिव्ह आकड्यावरून कितीतरी घरांत नवरा-बायकोत संशय शिरलेला मी पाहिलाय. त्या बायकांच्या अंगावर कधी एक पुळीही उठलेली नसते. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून इथे जरा जोर देऊन लिहितेय.

आता एचएसव्ही-१ आयजीजी. हा पॉझिटिव्ह येणं म्हणजे बातमीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये, म्हणजे शंभरात ६४ जणांत, हा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्या कुणाच्या तरी पापीतून मिळतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पुळ्या उठतात, त्या याच्याच. रक्तातला हा आकडा विषाणू शरीरात असल्याचं सांगतो, पण तो ओठाशी आहे की खाली, हे सांगत नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असंही नाही.

खरा घोळ एचएसव्ही-२ च्या १.६ या आकड्याने घातलाय. चाचणीच्या बऱ्याच किटमध्ये ०.९ च्या खाली निगेटिव्ह, १.१ च्या वर पॉझिटिव्ह आणि मधलं संदिग्ध धरतात. लॅबच्या कागदावर १.६ आणि १६ या दोन्हींपुढे ‘पॉझिटिव्ह’ हा एकच शब्द छापून येतो, पण दोन्हींचं वजन सारखं नाही. अमेरिकेत सगळ्यात जास्त वापरल्या गेलेल्या किटवर ३ च्या खालचे पॉझिटिव्ह निकाल तपासले, तेव्हा त्यातले निम्म्याहून जास्त खोटे निघाले. म्हणून असा खालचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने पक्का करावा, असा नियम आहे. त्यासाठीची वेस्टर्न ब्लॉट चाचणी आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही. शिवाय प्रत्येक लॅबचं किट वेगळं, मोजण्याची पट्टी वेगळी. त्यामुळे एका लॅबचा १.६ आणि दुसरीचा ०.८ शेजारी ठेवून ‘निम्म्यावर आला’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

तरीही तुमच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची आहे. संसर्गानंतर आयजीजी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण १२ आठवडे लागू शकतात, आणि एकदा नीट तयार झाली की ती सहसा जात नाहीत. तुमची पहिली जखम दीड वर्षापूर्वीची. ती एचएसव्ही-२ ची असती, तर आत्तापर्यंत हा आकडा चांगला वर जाऊन तिथेच राहायला हवा होता. तो कुंपणावर बसलेला आहे आणि दुसऱ्या किटवर निगेटिव्ह येतोय, यावरून मला पहिला पॉझिटिव्ह खोटा असण्याची शक्यता जास्त वाटते. शक्यता म्हणतेय, खात्री नाही.

म्हणजे एचएसव्ही-२ मागे पडतो. उरतात दोन वाटा. एक, खाली झालेला एचएसव्ही-१. मुखमैथुनातून तो होतो आणि हल्ली तरुणांमध्ये तो दुर्मीळ नाही. दोन, ही जखम हर्पिसची नाहीच.

दुसऱ्या वाटेवर मी मुद्दाम थांबणार आहे, कारण तुम्ही सहज लिहिलेल्या दोन वाक्यांनी माझं लक्ष वेधलं. पहिलं: ‘दर वेळी बाहेरगावी जाऊन पोट बिघडलं की एक-दोन दिवसांत हे होतं, म्हणून उष्णता असेल असं आई म्हणाली, सब्जा आणि गुलकंद चालू आहे.’ दुसरं: ‘जखम भरते पण काळसर डाग राहतो.’

पोट बिघडल्यावर तुम्ही काय घेता? मेडिकलवाल्याला ‘जुलाबाची गोळी द्या’ म्हटलं की पुष्कळदा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल अशी जोडगोळी हातात पडते. याच औषधांनी काही लोकांना ‘फिक्स्ड ड्रग इरप्शन’ नावाची ॲलर्जी होते, आणि शिश्नाचं टोक ही तिची अगदी आवडती जागा. गोळी घेतल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत त्या जागी आग होते, गोलसर लाल-जांभळा चट्टा उठतो, कधी त्यावर फोड येऊन तो फुटतो आणि कच्ची जखम उरते. भरताना ती करडा-काळसर डाग मागे ठेवते. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की बरोबर त्याच डागावर पुन्हा उठते. को-ट्रायमोक्साझोल, डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, अंगदुखीच्या गोळ्या, क्वचित साधी पॅरासिटामॉलही हे करू शकते. दर वेळी एकाच जागी येते आणि आपोआप बरी होते, म्हणून तिला हर्पिस समजलं जातं, आणि माणूस वर्षानुवर्षं असायक्लोव्हिर खात बसतो.

हर्पिसची पुळी वेगळी दिसते. आधी एखादा दिवस त्या भागात मुंग्या येतात, चुणचुणतं, कधी मांडीत किंवा कुल्ल्यात कळ येते. मग लालसर पायावर मोहरीएवढ्या पुळ्यांचा घोस उठतो, त्या फुटून उथळ, दुखऱ्या जखमा होतात आणि पाच ते दहा दिवसांत बहुधा डाग न ठेवता भरतात. विषाणू कमरेखालच्या मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत दबा धरून असतो आणि नसेच्या वाटेने खाली येतो. त्यामुळे भाग तोच असला तरी नेमका बिंदू थोडा सरकतो. कधी टोकावर, कधी दांड्यावर, कधी कुल्ल्यावरही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पोट बिघडलं, ताप आला, जागरण झालं की हर्पिसही उठू शकतो. सावळ्या कातडीवर कुठल्याही जखमेनंतर थोडा डाग राहू शकतो. म्हणून केवळ तुमच्या वर्णनावरून मी ‘ही गोळीचीच ॲलर्जी’ असं म्हणत नाही. पण चारही वेळा आदल्या दोन दिवसांत कुठली गोळी पोटात गेली होती, हे आठवून लिहून काढा. मेडिकलची बिलं, यूपीआयचे व्यवहार, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं तपासा. चारपैकी चार वेळा एकच औषध निघालं, तर डॉक्टरांचं काम अर्धं झालं. एक कळकळीची विनंती: खात्री करायला म्हणून ती गोळी घरी मुद्दाम घेऊन बघू नका. क्वचित ही ॲलर्जी अंगभर फोड उठण्यापर्यंत जाते. नाव कळेपर्यंत जुलाबाला मीठ-साखर-पाणी पुरेसं असतं. गोळी लागलीच तर डॉक्टरांना ही शंका सांगूनच घ्या.

जखमेची इतरही कारणं असतात. दाढीच्या ब्लेडने केस काढताना झालेले काप, बुरशीमुळे पडलेल्या चिरा, खरूज, अँटिसेप्टिक लिक्विड पाण्यात न मिसळता लावल्याने भाजलेली कातडी. ही बघताच ओळखू येतात. सिफिलिस मात्र बघून सोडून देण्यासारखा नाही, त्याकडे पुढे येते.

आता मुद्द्याची चाचणी. पुढच्या वेळी पुळी किंवा जखम उठली की तिच्या तळातून स्वॅब घेऊन हर्पिसची पीसीआर करायची. मोठ्या लॅबमध्ये आणि रुग्णालयांत ती होते. स्वस्त नसते, पण तुम्ही दोन वेळा पॅनेलवर घातलेल्या पैशांपेक्षा ती जास्त कामाची आहे. ती विषाणू आहे की नाही हे सांगते आणि टाइपही सांगते. वेळ मात्र गाठावी लागते. पहिल्या ४८ तासांत, फोडात पाणी असताना किंवा जखम ओली असताना घेतलेला स्वॅब उत्तम. खपली धरल्यावर घेतला तर खऱ्या हर्पिसमध्येही निगेटिव्ह येऊ शकतो. जखम नसताना नुसत्या कातडीवरून घेतलेल्या निगेटिव्ह स्वॅबला काहीच अर्थ नसतो.

म्हणून तयारी आत्ताच करा. ज्या डॉक्टरांकडे जाणार आहात त्यांना आज भेटून ठेवा आणि विचारा, ‘जखम उठली तर त्याच दिवशी मला बघाल का? स्वॅब तुमच्याकडेच घेता की लॅबमध्ये?’ लॅबला फोन करून स्वॅबची नळी त्यांच्याकडे असते का ते विचारा. बऱ्याच कलेक्शन सेंटरवर फक्त रक्त घेतात आणि माणूस ओली जखम घेऊन तीन ठिकाणी हिंडतो. जखम उठली की मलम, हळद, डेटॉल काहीही लावू नका. उजेडात मोबाईलवर स्पष्ट फोटो काढा, तारखेसकट. मग डॉक्टर. स्वॅब घेताना फोडाचं टोक उघडून तळ थोडा घासावा लागतो, क्षणभर झोंबतं. हळुवारपणे वरवर फिरवलेला स्वॅब कामाचा नसतो, त्यामुळे थोडं सोसा. पीसीआरची सोय झालीच नाही तर त्झँक स्मिअर नावाची जुनी, स्वस्त काचपट्टीची तपासणी आहे. ती हर्पिसकडे बोट दाखवते, टाइप सांगत नाही, आणि निगेटिव्ह आली म्हणून हर्पिस नाही असं ठरत नाही.

दोन-तीन वेळा ताज्या जखमेचा स्वॅब निगेटिव्ह आला तर हर्पिसचा शिक्का पुसायला हरकत नाही.

समजा पीसीआर पॉझिटिव्ह आली. मग टाइप बघायचा, कारण पुढचं बरंच त्यावर ठरतं. एचएसव्ही-१ खाली झाला असेल तर तो सहसा पहिल्या वर्षात एखाद्या वेळी उठतो आणि मग झपाट्याने शांत होतो. एचएसव्ही-२ पहिल्या वर्षी सरासरी चार-पाच वेळा उठू शकतो, पुढे हळूहळू कमी होतो. दोन्हींत मोठा फरक माणसामाणसांत असतो.

औषध आहे. विषाणू शरीरातून जात नाही, पण जखमा आटोक्यात राहतात. क्वचित उठत असेल तर चुणचूण सुरू होताच किंवा पहिल्या दिवसातच गोळ्या घ्यायच्या, उदाहरणार्थ असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. चौथ्या दिवशी सुरू केल्या तर फायदा थोडाच. वारंवार उठत असेल तर रोजची गोळी घेतात: असायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा. त्याने उठण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून हे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. वर्षभराने थांबवून गरज अजून आहे का ते बघता येतं. मलमाचा उपयोग नगण्य. आणि मेडिकलवर मिळणारी ‘खाज-गजकर्णाची’ स्टिरॉइड मिसळलेली मलमं या जागी अजिबात नकोत. उष्णतेबद्दल म्हणाल तर गुलकंद खुशाल खा, त्याने नुकसान नाही, पण विषाणू त्याने थांबत नाही आणि गोळीची ॲलर्जीही नाही.

कुणाकडून आलं, हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक जण विचारतो. याचं उत्तर कुठलीच चाचणी देत नाही. हर्पिस झालेल्या बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसतं. जखम न दिसताही विषाणू कातडीतून अधूनमधून बाहेर पडतो. संसर्ग झाल्यावर पहिली ठळक जखम वर्षांनी उठू शकते. म्हणून जखमेच्या तारखेवरून कुणाला दोषी धरणं चुकीचं आहे. जुन्या मैत्रिणीला फोन करून जाब विचारायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडून द्या. आधी निदान तरी होऊ दे.

लग्नाचं. हर्पिस निघाला तरी लग्न मोडण्याचं वैद्यकीय कारण मला दिसत नाही. १५ ते ४९ वयाच्या जगभरातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना एचएसव्ही-२ आहे. ते लग्न करतात, त्यांना निरोगी मुलं होतात. पण निदान पक्कं झालं तर होणाऱ्या बायकोला लग्नाआधी सांगा, हे माझं ठाम मत आहे. तिला निवड करायचा हक्क आहे, आणि सांगण्यामागे व्यवहारही आहे. जखम किंवा चुणचूण असताना संबंध टाळणं, कंडोम वापरणं आणि रोजची गोळी घेणं या तिन्हींनी तिचा धोका बराच कमी होतो. एका जोडीदाराला एचएसव्ही-२ आहे आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांच्या २००४ च्या अभ्यासात नुसत्या रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने संसर्गाचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं होतं. हे सगळं तिला अंधारात ठेवून जमत नाही. तिला एकटीला, घरच्यांच्या बैठकीत नव्हे, रिपोर्ट हातात घेऊन सांगा. हवं तर दोघं मिळून डॉक्टरांकडे या. अशा जोडप्यांशी मी अर्धा-अर्धा तास बोलते आणि बहुतेक जण आले त्यापेक्षा हलके होऊन जातात. निदान झालेलं नसताना मात्र नुसत्या १.६ च्या आकड्यावर तिला घाबरवू नका. तिला काही त्रास नसताना तिचं हर्पिसचं पॅनेल तर मुळीच करायला लावू नका, नाहीतर हाच घोळ दोघांच्या नावावर होईल.

पुढे मूल होताना एकच गोष्ट लक्षात ठेवायची. बाळाला सगळ्यात जास्त धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटच्या काळात नव्याने संसर्ग झाला तर. म्हणून तुम्हाला हर्पिस असेल आणि तिला नसेल, तर त्या महिन्यांत जास्त जपायचं आणि प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं.

आता राहिलेलं काम. जननेंद्रियावर जखम झाली की सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे. तुमच्या फाईलमध्ये व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, दिसत नाही आणि याचं मला आश्चर्य वाटलं. हर्पिसच्या मागे धावताना पूर्ण बरा होणारा आजार राहून जायला नको. पुण्याच्याच गुप्तरोग दवाखान्यांतल्या रुग्णांवर भोसरीच्या ‘नारी’ या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या सहभागाने झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की एचएसव्ही-२ नुकताच झालेल्यांना एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो. म्हणून ही तपासणी टाळू नका.

खर्चाची किंवा ओळखीचं कुणी भेटण्याची भीती असेल तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी आणि औषधं मोफत असतात. हर्पिसच्या जखमेसाठी औषधांचं लाल रंगाचं किट ठरलेलं आहे, त्यात असायक्लोव्हिर असतं. एचआयव्हीची तपासणी सरकारी समुपदेशन केंद्रात मोफत आणि गोपनीय होते. केंद्र कुठे आहे ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मराठीतही विचारता येतं.

गोळ्यांची यादी झाली की इथे टाका: कुठल्या महिन्यात जखम, आदल्या दोन दिवसांत पोटात गेलेलं प्रत्येक औषध, डाग किती दिवस टिकला. जखमेचे फोटो मात्र इथे टाकू नका, ते फक्त तुमच्या डॉक्टरांना दाखवा.